मंदीत गाडी अडवून ठेवू नका

मंदी आली की जुन्या मोटारींचे छोटे विक्रेते भाव चढण्याची वाट पाहत बसतात. हे घातक आहे. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, मॉडेल जुने होते. जागेचे भाडे व कर्जाचे व्याज मात्र चालूच राहते. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान नव्या मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाल्यावर महाग घेऊन ठेवलेल्या जुन्या गाडीला कोण विचारणार? थोडा तोटा सोसून माल मोकळा करा आणि त्या रोखीने पडत्या भावात दुसरी गाडी घ्या. मात्र दोष लपवू नका. नाव बदलण्याचे फॉर्म २९ व ३० सौद्याच्या दिवशीच भरून घ्या. मंदीत गिऱ्हाईक थोडे. आलेल्याने दुसरे पाठवावे, असाच व्यवहार ठेवा.