मीटर कुठे लावायचा
मालवणपासून देवबागपर्यंत घरांच्या आणि होमस्टेंच्या छपरांवर सोलर पॅनेल दिसू लागली आहेत. ती ‘चालतात का’ हे बघायला बहुतेक जण मल्टिमीटर डीसीवर ठेवून नुसते व्होल्ट मोजतात. ही अर्धीच तपासणी. 36 सेलच्या पॅनेलच्या मोकळ्या तारा आषाढातल्या ढगाळ दुपारीही 19-20 व्होल्ट दाखवतात. उजेड घटला तरी व्होल्टेज फारसं हलत नाही, करंट मात्र त्याच प्रमाणात घटतो. माडाच्या चुडताची सावली पॅनेलभर पसरली की अँपिअर धाडकन खाली येतात नि व्होल्ट साळसूदासारखे जागेवर! तेव्हा करंट मोजाच: लाल पिन 10 अँपिअरच्या भोकात, मीटर डीसी अँपिअरवर आणि प्रोब थेट एकट्या, सुट्या पॅनेलच्या दोन टोकांना. शॉर्टला घाबरू नये, पॅनेल कुवतीबाहेर करंट देऊच शकत नाही. हाच प्रयोग बॅटरीवर केलात तर मीटरचा फ्यूज उडेल, तेही नशीब चांगलं असेल तर. हल्लीच्या 540 वॉटच्या पॅनेलचा करंट 13 अँपिअरच्या आसपास, त्याला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटरच हवा (वायरमनकडचा साधा क्लॅम्प बहुधा एसीच मोजतो). एप्रिलच्या उन्हात छोट्या पॅनेलचे 21.6 व्होल्ट 19 वर आले म्हणून दुकानदाराशी भांडू नका. छापील आकडा 25 अंशांचा असतो. सेल 65 अंशांवर तापला की अंशाला साधारण 0.3 टक्के घट धरावीच लागते. भांडायचंच तर खाऱ्या वाऱ्याने वर्षभरात हिरव्या पडलेल्या स्वस्त कनेक्टरवरून भांडा.