सर, ‘नाही’ तरी म्हणा
माझी जुनी विद्यार्थिनी उर्दू शाळेतून एमएस्सीपर्यंत पोहोचली. अमेरिकेतली विद्यापीठं बहुधा तीन शिफारसपत्रं मागतात, दोन मिळाली. तिसऱ्यासाठी तिने प्रोजेक्टच्या गाइडना चार ईमेल केले, दोनदा केबिनबाहेर ताटकळली. उत्तर नाही. म्हणे, सर बिझी असतात. असतील. व्हॉट्सॲपवर ‘सुप्रभात’ मात्र रोज न चुकता येतं! ज्यांच्या घरात प्राध्यापक आहेत त्यांचं काम एका फोनवर होतं. हिचे अब्बा रिक्षा चालवतात, ते कुणाला फोन करणार? आणि मी पडलो शाळामास्तर, माझं पत्र तिथे चालत नाही. सरांनी सरळ नकार दिला असता तर तिने महिन्यापूर्वीच दुसरं दार ठोठावलं असतं. मुदत १५ डिसेंबरची. आज १२ तारीख.