दिल्लीची स्वस्त डिझेल एसयूव्ही घ्यावी का?

माझ्या मावसभावाला दिल्ली पासिंगची 2014 ची डिझेल एसयूव्ही आवडलीय. मीटरवर 1 लाख 40 हजार किलोमीटर, किंमत इथल्यापेक्षा बरीच कमी. "दादा, घेऊ का?"

आधी बघू, स्वस्त का? दिल्ली-एनसीआरमध्ये 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये कायम ठेवली. जुलै 2025 मध्ये पंपांवर अशा गाड्यांना इंधन देणं बंद झालं, पण काही दिवसांतच तो निर्णय थांबवला. ऑगस्टमध्ये कोर्टाने कारवाई रोखली, डिसेंबरमध्ये ही सवलत बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतीच ठेवली. नियम असे सारखे बदलत असतील, तर मालक गाडी विकून मोकळा होणारच.

महाराष्ट्रात अशी सरसकट बंदी नाही. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच नंबर लागतो. शिवाय 15 वर्षांनी, म्हणजे 2029 मध्ये, आरसी रिन्यू करायला फिटनेस टेस्ट आहेच. हा सगळा खर्च किमतीत धरा.

आता मीटर. डिजिटल मीटरवरचे किलोमीटर म्हणजे शेवटी मेमरीत साठवलेला एक आकडा. तो बदलता येतो. त्यामुळे सर्व्हिस हिस्ट्री मागा. ओबीडी स्कॅनरही लावून बघा, काही गाड्यांत ईसीयूमध्ये वेगळाच आकडा सापडतो. नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी एमपरिवहन ॲपवर तपासा.

भावाला एवढंच सांगितलं: एनओसी दिसल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही यूपीआय करू नकोस.