लेसरआधी विचारायचे प्रश्न



चष्मा घालवायचा तर सर्वांत नवे यंत्र असलेले केंद्र गाठा, हा तुमच्याकडे छापून आलेल्या पत्रातील अंधेरीच्या वाचकाचा सल्ला अपुरा आहे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. तो मुळात पातळ असेल किंवा केराटोकोनसची (हा पडदा शंकूसारखा पुढे येण्याच्या विकाराची) चाहूल असेल, तर लॅसिक या लेसर शस्त्रक्रियेनंतर तो फुगून नजर बिघडू शकते. काँटॅक्ट लेन्स काही दिवस बंद ठेवायला न सांगता आणि टोपोग्राफी (या पडद्याच्या आकाराची तपासणी) न करताच ‘आज पैसे भरा, सूट आहे’ म्हणणाऱ्यासमोरून उठावे. (सूट साडीवर ठीक!) ‘तुम्हाला हे नको’ म्हणणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो. लेसर प्रत्यक्ष कोण चालवणार, नंतर डोळे कोरडे पडले तर कोण भेटणार, हेही विचारावे. आणि चाळिशीनंतर वाचायचा चष्मा बहुधा लागतोच, हे त्या पत्रात राहूनच गेले.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)