पावसाआधीची ओसरी

दुकानातील मालाची मोजदाद जी घरे दरवर्षी न चुकता करतात, त्यांच्याच ओसरीच्या खांबाकडे कित्येक वर्षांत कोणी वाकून पाहिलेले नसते. ही पाहणी आषाढ शुद्ध चतुर्दशीपूर्वी, चातुर्मास बसण्याआधी, झालेली बरी. एकदा अंगणात शेवाळ धरले की पेच पडतो. शेवाळ अनंतकाय, ते खरवडावे तर अनंत जीवांची विराधना, न खरवडावे तर पहाटे दर्शनाला निघालेल्या वृद्धांचा पाय घसरण्याचे भय. यावर उपाय एकच, शेवाळ धरू न देणे. त्यासाठी कोरड्या फरशीवर थोडे गाळलेले पाणी ओतावे आणि ते जेथे थबकेल तेथे खडूने खूण करावी. दर मीटरला सुमारे १ सेंटिमीटर उतार असला की पाणी साचत नाही.

जुन्या वाड्यांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. त्या सांध्यापाशी पेचकस टोचून पाहावा; सहज रुतला तर लाकूड आतून गेले. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. विषारी फवारणीचा विचार करण्याआधी ओल कोठून येते ते शोधावे, कारण जमिनीतील वाळवी ओलीवरच जगते.

शहरातील घरांत खरा धोका सज्ज्याचा. त्याला खालून आधार नसतो. स्लॅबच्या वरच्या अंगातील लोखंडी सळ्या त्याला ओढून धरतात. म्हणून भिंतीलगत वरच्या बाजूने गेलेली चीर सर्वांत गंभीर मानावी. पुष्कळदा ती दिसतही नाही, कारण हौसेने जुन्या फरशीवर नवी बसवलेली असते. तो थर वजनही वाढवतो आणि दोषही झाकतो. खालच्या बाजूस तांबूस डाग असतील तर आतले लोखंड गंजते आहे. गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. छोट्या हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर तो थर सुटला आहे. त्यावर रंगाचा हात फिरवणे म्हणजे बुडीत उधारी येणे रकमेत दाखवणे! अशा वेळी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे, ठेकेदाराला नंतर.

तोवर कुंड्या आणि पाण्याचे पिंप तेथून हलवावे. पर्युषणानंतरची शोभायात्रा पाहण्यास सारे कुटुंब आणि पाहुणे एकदम सज्ज्यात येतात. वर्षातील सर्वांत मोठा भार बहुधा त्याच दिवशी पडतो. दुरुस्ती झाली नसेल, तर त्या दिवशी सज्ज्याच्या दाराला कुलूप घालून सर्वांनी खाली रस्त्यावर उभे राहावे.