गीत कोणाचे आणि गावे कोणी?

चैत्र शुद्ध नवमी जवळ आली की राममंदिरांतून मंडप उभे राहतात, कीर्तनकारांना व भजनी मंडळांना निमंत्रणे जातात, आणि त्यांबरोबर एक वादही दरवर्षी नव्याने डोके वर काढतो. उत्सवात गीतरामायण कोणी गावे? एका पक्षाचे म्हणणे असे की, बाबूजींच्या म्हणजे सुधीर फडके यांच्या कंठातून जे एकदा उतरले, ते इतरांनी गाऊच नये. ध्वनिमुद्रण लावावे आणि हात जोडून ऐकावे. दुसरा पक्ष म्हणतो की देवाचे गाणे सर्वांचे; ते कोणीही, कोणत्याही ठेक्यावर, तरुणांना रुचेल अशा वाद्यमेळात गावे. गीतरामायणाच्या निमित्ताने निघालेला हा प्रश्न अभंग, आरत्या व स्तोत्रे यांनाही लागू पडतो. म्हणून भाविक वाचकांपुढे त्याचा थोडा विचार मांडणे उचित वाटते.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, दुसऱ्याचे गीत गाणे हा दोष मानावयाचा तर कीर्तनसंस्थाच उभी राहू शकणार नाही. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात तुकोबांचा किंवा नाथांचा अभंग घ्यावयाचा, त्यावर निरूपण करावयाचे, मध्ये वामनपंडितांचा श्लोक, मोरोपंतांची आर्या, अमृतरायांचा कटाव यांची पेरणी करावयाची आणि उत्तररंगात दासगणूंच्या एखाद्या आख्यानाचा आधार घ्यावयाचा, अशी आमची परंपरा आहे. यांतील एक अक्षरही कीर्तनकाराचे स्वतःचे नसते. तो उसन्या धनावर सावकारी करणारा मनुष्य आहे. मात्र ते धन कोणाचे, हे तो भर सभेत सांगतो, आणि त्यामुळेच त्याची सावकारी शोभते.

आपल्या शास्त्रकारांनी या विषयाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्यात गीताच्या शब्दांना ‘मातु’ आणि स्वररचनेला ‘धातु’ म्हटले असून, दोन्ही रचणारा तो वाग्गेयकार, अशी व्याख्या केली आहे. दुसऱ्याने बांधलेल्या चालीवर जो आपले शब्द बसवितो, त्याला शार्ङ्गदेवाने ‘कुट्टिकार’ असे नाव दिले. गायकांचेही त्याने पाच प्रकार सांगितले आहेत: शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक. यांतील अनुकार म्हणजे दुसऱ्याच्या गायनाची हुबेहूब नक्कल करणारा. त्यालाही शास्त्राने गायकांच्या पंगतीतून उठविलेले नाही. परंतु गीताचा भाव वाढविणारा भावक हा निराळा, आणि ऐकलेले तसेच्या तसे परत करणारा अनुकार निराळा, हा भेद सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी मुलखातील पंडिताला ठाऊक होता. तो आपण विसरू नये.

आता गीतरामायणाकडे वळू. १ एप्रिल १९५५ या दिवशी, रामनवमीलाच, पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना आकाशवाणीचे सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि स्वररचना सुधीर फडके यांची. दर आठवड्यास एक याप्रमाणे वर्षाची ५२ गीते व्हावयाची होती. परंतु त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्याने ती ५६ झाली. त्या वेळी ही सर्व गीते एकट्या बाबूजींनी म्हटलेली नव्हती. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक अशा अनेकांनी आपापल्या पात्राची गीते गायिली. पुढे बाबूजी पेटी घेऊन बसले आणि सीतेची, कौसल्येची, भरताची, हनुमंताची सगळी गीते त्यांनी एकट्याने गावोगाव गायिली. आज ज्या आवाजाला आपण मूळ समजतो, तो कित्येक गीतांच्या बाबतीत दुसरा आवाज आहे. तेव्हा ‘मूळ गायकावाचून इतरांनी गाऊ नये’ हा नियम लावला, तर तो प्रथम खुद्द बाबूजींनाच लागू होईल! चाल त्यांची होती, म्हणून त्यांचा अधिकार विशेष, हे मान्य. पण श्रोत्यांनी त्यांना स्वीकारले ते प्रत्येक पात्राचा भाव त्यांच्या एका कंठातून निराळा उमटला म्हणून. शार्ङ्गदेवाच्या भाषेत बाबूजी हे भावक गायक होते.

हीच गीते पुढे हिंदी, बंगाली, कन्नड, तेलुगू, गुजराती, कोंकणी अशा भाषांत, इतकेच काय, संस्कृतातही गेली. मूळ चालीवर ती गाता येतील, अशा बेताने कित्येक भाषांतरकारांनी शब्द बसविले. शास्त्राच्या काटेकोर भाषेत हे कुट्टिकाराचे काम झाले. मग ते निंद्य ठरते काय? मुळीच नाही. कारण चाल जिच्यासाठी जन्मली तोच प्रसंग, तेच पात्र व तोच रस भाषांतरातही राहिला. धातु आणि मातु यांचे गोत्र बदलले नाही.

नेमके हे गोत्र जेथे बदलते, तेथे माझा आक्षेप आहे. विरारहून चर्चगेटकडे सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमधील भजने आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. पहाटे घर सोडणारा मनुष्य गाडीच्या खडखडाटात टाळ घेऊन विठ्ठलाचे नाव घेतो, हे मी आमच्या भागाचे भूषण समजतो. कोकणातून आलेल्या डबलबारीच्या भजनांचाही मी चाहता आहे. परंतु अलीकडे गजराच्या व गवळणीच्या वेळी जी चाल लावली जाते, ती ऐकताच श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे श्रीहरीऐवजी चित्रपटातील नृत्य उभे राहते. बुवांना टाळ्या मिळतात. पण त्या टाळ्या ओळखीच्या चालीला मिळतात, अभंगाला मिळत नाहीत. चालीला स्वतःची स्मृती असते. शब्द बदलले म्हणून ती स्मृती पुसली जात नाही. ‘मुलांना भजनाकडे ओढण्यासाठी हे करावे लागते’, असे मंडळांचे चालक सांगतात. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु अशा चालीने ओढलेला मुलगा चालीपाशीच थांबतो आणि उद्या नवी चाल आली की तिच्यामागे जातो, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

याचा अर्थ अभंगाला नवी चाल देऊच नये, असा मात्र नाही. वेदमंत्राची गोष्ट वेगळी. तेथे उदात्त, अनुदात्त व स्वरित हे मंत्राचेच अंग आहेत. पद, क्रम, जटा, घन असे पाठ आपल्या पूर्वजांनी रचले, ते एक मात्राही ढळू नये म्हणून. अशा मंत्राला वाद्यमेळ लावून त्याची करमणूक करणे, किंवा गायत्रीला ठेक्यावर नाचविणे, हे कोणीही करू नये. संतांच्या अभंगाचे तसे नाही. तेथे शब्द स्थिर आहे आणि चाल मोकळी आहे. राम फाटकांनी नाथांच्या व नामदेवांच्या अभंगांना चाली दिल्या आणि पंडित भीमसेन जोशी यांनी ते गायिले, तेव्हा पंढरीची वाट न चाललेल्या घरांतूनही विठ्ठलनाम पोहोचले. हृदयनाथ मंगेशकरांनी ज्ञानदेवांच्या रचनांना चाली दिल्या व लताबाईंनी त्या गायिल्या. सोयराबाईंचा अभंग किशोरीताई आमोणकरांनी गायिला. सोयराबाई या चोखोबांच्या पत्नी; ज्या कुटुंबाला मंदिराची पायरी ओलांडू दिली गेली नाही, त्या घरातील ते शब्द. ‘परंपरेबाहेरच्याने गाऊ नये’ असे कोणी म्हटले असते, तर हानी कोणाची झाली असती? ती सर्वस्वी आपलीच झाली असती.

चाल मोकळी आहे, परंतु शब्द मोकळा नाही. याला संतांचीच साक्ष आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी ती शुद्ध केली. ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घुसडील, तो अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवील, अशा आशयाचा इशारा त्यांनी देऊन ठेवला आहे. तुकोबांच्या गाथेत सालोमालोविषयीचे अभंग आहेत. दुसऱ्याच्या वचनावर आपली मुद्रा उमटविणाऱ्यांचा त्यांनी खरपूस समाचार घेतला आहे. नाथांसारखा क्षमाशील आणि तुकोबांसारखा निरिच्छ पुरुष ज्या बाबतीत कठोर होतो, ती बाब आपण हलकी मानू नये. शेवटचे चरण वेळेअभावी गाळण्याची जी रीत पडली आहे, तिच्यात प्रथम बळी जातो तो संताच्या नाममुद्रेचा. उलट प्रकारही घडतो. प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या १९३६ सालच्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले पद इतके प्रासादिक उतरले की, कित्येकांनी ते तुकोबांचेच मानले. हा आठवल्यांचा गौरव खरा, परंतु आज ते गाताना त्यांचे नाव घेणे हे आपले कर्तव्य आहे.

येथे कोणी विचारील की, हे सर्व पाहण्यास कायदा नाही काय? आहे, पण त्याची धाव मर्यादित आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, एखाद्या गीताचे दुसऱ्याने नवे ध्वनिमुद्रण करावयाचे तर पहिल्या मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबावे लागते, मोबदला द्यावा लागतो, आणि शब्दांत वा स्वररचनेत मनमानी बदल करता येत नाही. कर्त्याच्या निधनानंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांना २०३७ अखेरपर्यंत संरक्षण आहे. धार्मिक विधीतील गायनाला मात्र कायद्याने मोकळीक दिली आहे, हे योग्यच झाले. परंतु ज्ञानोबा-तुकोबांच्या शब्दांना न्यायालयात उभे राहणारा वारस नाही. त्यांचे वारस तुम्ही आम्ही. कायदा जेथे संपतो, तेथे आपली राखण सुरू झाली पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. थोर गायकांच्या ध्वनिमुद्रणांनी आपल्याला पुष्कळ दिले. पण अजाणता काही नेलेही. आमच्या निर्मळ क्षेत्री कार्तिक वद्य एकादशीची यात्रा भरते. या परिसरात घराघरांतून आरतीच्या, भूपाळीच्या व लग्नगीतांच्या स्वतंत्र चाली होत्या. सामवेदी, वाडवळ, पाचकळशी अशा समाजांचे गळे वेगळे आणि हेलही वेगळे. आता ध्वनिवर्धकावर एकच चाल वाजते आणि लहान मुले तीच खरी मानतात. आजीची चाल त्यांना चुकीची वाटते! वास्तविक आजीची चाल चुकीची नाही. चुकतात ते आपले शब्द. गणपतीच्या आरतीत ‘संकटी’चे ‘संकष्टी’ होते, ‘फणिवर’चे ‘फळीवर’ होते, आणि शेषनाग फळीवर जाऊन बसतो. चालीसाठी भांडणारे आपण शब्दांच्या बाबतीत इतके उदार का असावे?

तात्पर्य असे. वेदमंत्र जसा आहे तसाच, अधिकारी मुखातून म्हटला जावा. संतवाणी कोणीही, कोणत्याही शुद्ध भावाच्या चालीत गावी. मात्र शब्द पूर्ण असावेत आणि नाममुद्रा गाळू नये. गीतरामायणासारख्या रचनेत कवी आणि संगीतकार या दोघांचीही योजना एकजीव झालेली आहे. तेथे आवाज बदलावा, पण शब्द आणि स्वर दोन्ही राखावेत. आणि जी चाल ऐकताच मन दुसरीकडे धावते, ती देवापुढे आणूच नये, मग ती कितीही लोकप्रिय असो.

उत्सव समित्यांना माझी नम्र विनंती आहे की, यंदा रामजन्माच्या दिवशी ध्वनिमुद्रण लावून मोकळे होऊ नये. गावातील मुलामुलींना गीतरामायणातील दोनचार गीते नीट शिकवून त्यांच्याकडून म्हणवून घ्यावीत. स्वर थोडा कमी-जास्त लागला तरी चालेल. गाण्यापूर्वी कवीचे व संगीतकाराचे नाव एखाद्या मुलानेच मोठ्याने सांगावे. आणि आरतीच्या वेळी गावातील सर्वांत वृद्ध स्त्रीला पुढे बसवून तिच्या चालीवर एक आरती अवश्य म्हणावी. वाल्मीकींचे काव्यही प्रथम लवकुशांनीच गायिले. ते काव्य त्यांनी रचलेले नव्हते. ते गुरुमुखातून घेतलेले होते, आणि ऐकणारा साक्षात राम होता. दुसऱ्याचे गीत कसे गावे, याचा याहून मोठा आदर्श आपल्याला अन्यत्र शोधण्याचे कारण नाही.