टाइमझोनमध्ये ‘कोलकाता’च का? तक्रार रास्त, पण उपाय वेगळा

मी चंद्रपूरचा. आमच्या अ‍ॅपवर एक तक्रार दर काही महिन्यांनी येतेच: “आम्ही महाराष्ट्रातले, मग टाइमझोनमध्ये कोलकाता का? मुंबई नाहीतर दिल्ली तरी टाका!” राग समजतो. पण नाव बदलणं हा त्यावरचा उपाय नाही.

हे नाव येतं कुठून? जगभरातले फोन आणि सर्व्हर ‘टीझेड डेटाबेस’ ही मोफत यादी वापरतात. १९७० पासून जिथली घड्याळं सारखीच चालली, तो एक झोन. नाव साधारणपणे त्यातल्या मोठ्या लोकसंख्येच्या शहराचं. राजधानी बघत नाहीत, म्हणून चीनसाठीही बीजिंग नाही, शांघाय आहे. मुंबईची वेगळी वेळ होती खरी, भारतीय प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे. पण ती १९५५ मध्येच संपली. त्यामुळे मुंबईला वेगळा झोन नाही.

मग नाव कधीच बदलत नाही का? बदलतं. ‘कलकत्ता’चं ‘कोलकाता’ यादीत २००८ मध्ये झालं, ‘कीएव्ह’चं ‘कीव’ २०२२ मध्ये. मात्र जुनं नाव पुसत नाहीत, नव्याला जोडून ठेवतात. आपल्याकडे चांद्याचं चंद्रपूर झालं तरी ‘चांदा फोर्ट’ स्टेशन आहेच, आणि मुंबई विमानतळाचा कोड अजून ‘बीओएम’च आहे. तसंच हे.

जुनं नाव का ठेवायचं, हे मी चूक करून शिकलो. अपॉइंटमेंटची आठवण देणाऱ्या कोडमध्ये मी फक्त ‘एशिया/कोलकाता’ ओळखत होतो. क्रोम ब्राउझर मात्र ‘एशिया/कलकत्ता’ सांगायचा. कोडला ते अनोळखी वाटलं आणि त्याने वेळ थेट यूटीसी धरली. सकाळी १० ची आठवण दुपारी साडेतीनला गेली. गडचिरोलीहून चंद्रपूरला डॉक्टरांकडे येणाऱ्या एका आजोबांची तारीख हुकली. नुसत्या नावाच्या फरकाने!

म्हणून आता आम्ही दोन गोष्टी करतो. कोडमध्ये दोन्ही नावं चालतात. स्क्रीनवर मात्र शहर दाखवतच नाही, तिथे ‘भारतीय प्रमाण वेळ, +५:३०’ असं मराठीत येतं. डेटाबेसमधलं नाव मशीनसाठी आहे, ते माणसाला दाखवणं ही आम्हा डेव्हलपर लोकांची चूक.

तेव्हा तक्रार जरूर करा. फक्त ‘मुंबई टाका’ म्हणू नका, ‘मराठीत दाखवा’ म्हणा. ते आमच्या हातात आहे.